चार-पाच जणांनी मिळून संगीत रचायचं, तर आधी काय ठरवायचं?

तिरपी_रेघ

आम्ही पाच जण आहोत. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम आणि तालवाद्यं. तालवाद्यांत झांजा, लाकडी ठोकळे, एक मोठी काशाची थाळी आणि वाजवणाऱ्याला त्या दिवशी हाताशी जे सापडेल ते. विजेवर चालणारं काही घ्यायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. रचना कुणा एकाची नसेल, हेही ठरलेलं.

अडचण अशी की आम्ही कितीही मोकळं वाजवायला बसलो तरी दर वेळी आकार तोच येतो. कुणीतरी हळूच एक लांब स्वर धरतं, दुसरा त्यात मिसळतो, हळूहळू भरत जातं, मग सगळे जोरात आणि शेवटी विरत विरत संपतं. रेकॉर्डिंग ऐकताना पुढच्या मिनिटाला काय होणार हे आधीच कळतं. कुणी काही लादत नाही, तरी सगळे एकाच उतारावरून घरंगळतो.

म्हणून विचारते. ज्यांनी असं एकत्र काम केलंय किंवा त्याबद्दल वाचलंय, त्यांनी सांगा: आधी नेमकं काय ठरवायचं आणि काय मोकळं सोडायचं? कागदावर काय लिहायचं? आणि खाली नाव कुणाचं?

शून्य_मात्रा

वाचतोय. विषय फार जवळचा आहे, संध्याकाळी सविस्तर लिहितो.

खर्जातला

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात सरळ उत्तर १९४१ साली मिळालंय. जॉन केज आणि लू हॅरिसन या दोन अमेरिकन संगीतकारांनी चार तालवादकांसाठी 'डबल म्युझिक' रचलं. पहिल्या आणि तिसऱ्या वादकाचा भाग केजने लिहिला, दुसऱ्या आणि चौथ्याचा हॅरिसनने. वाद्यं आणि एकूण लांबी आधी ठरवली, मग दोघांनी आपापलं वेगळं बसून लिहिलं आणि शेवटी चारही भाग एकावर एक ठेवले. काही बदलावं लागलं नाही. त्यात मोटारीचे ब्रेक-ड्रम आहेत, पाण्यात बुडवायची घंटा आहे, पत्र्याचा गडगडाट आहे. आजही ते तालवादकांच्या कार्यक्रमांत वाजतं.

मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्यांनी चर्चा फक्त मापांची केली. आवडीनिवडीची चर्चा केलीच नाही. 'तुझं हे मला पटत नाही' म्हणायची संधीच ठेवली नाही. तुमच्या गटात पाचही जण एकमेकांचं ऐकून लगेच जुळवून घेतात, म्हणून तो उतार तयार होतो. जुळवून घेणं काही काळ बंद ठेवा.

घुमट

+१. आणि त्याच मित्रमंडळींचा दुसरा खेळही आहे. १९४०च्या दशकात केज, हॅरिसन, हेन्री कॉवेल आणि व्हर्जिल थॉमसन कागद दुमडून एकेक माप (स्वरलिपीतला एक छोटा खंड, 'बार') लिहायचे. आधीच्याने लिहिलेलं झाकलेलं, फक्त शेवटचे दोन स्वर पुढच्याला दिसायचे. त्या दोन स्वरांवरून पुढचं माप लिहायचं, पुन्हा दुमडायचं. अतिवास्तववादी कवी-चित्रकारांचा खेळ त्यांनी संगीतात आणला. पुढे बासरी, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न आणि पियानोसाठी त्या तुकड्यांची मांडणी झाली आणि 'पार्टी पीसेस' नावाने ते वाजतात. छोटे छोटे आहेत, गमतीदार आहेत. दोन स्वरांच्या धाग्यावर किती वळणं घेता येतात ते शिकायला उत्तम.

पत्ती_बदला

आमच्या गटात आधी ठरते ती फक्त पुढच्या बैठकीची तारीख. आणि तीही बदलते :)

विषम_ताल

@पत्ती_बदला, क्लॅरिनेटवाले ना तुम्ही? मग तुमच्या गटाला माझा सल्ला: तारीख पक्की करायची असेल तर तुमच्या रीडचा (मुखभागावरच्या वेताच्या पातळ पट्ट्यांचा) डबा लपवून ठेवावा, शोधत याल.

पत्ती_बदला

लपवा की! रीड नसली तरी नळीत नुसती हवा सोडता येते, कळा टपटप वाजवता येतात, मुखभाग काढून थेट नळीवर ओठ लावून तुतारीसारखं फुंकता येतं. आमच्याकडून शांततेची अपेक्षा करू नका.

पण यातली गंभीर गोष्ट सांगतो, कारण ती एकत्र रचण्याशी थेट जोडलेली आहे. क्लॅरिनेटवर एकाच वेळी दोन-तीन स्वर निघतात. बोटांची जागा वेगळी करायची, ओठांचा दाब बदलायचा. १९६७ साली ब्रुनो बार्तोलोत्झी या इटालियन संगीतकाराने लाकडी सुषिर वाद्यांच्या अशा आवाजांवर पुस्तक प्रसिद्ध केलं, तेही वादकांना बरोबर घेऊन, एकेक आवाज तपासून. तरीही पुस्तकातला आवाज माझ्या वाद्यावर तसाच निघेल याची खात्री नसते. वाद्य बदललं, मुखभाग बदलला, रीड बदलली की तो आवाज हलतो. म्हणजे रचनाकाराने घरी बसून 'इथे हा आवाज' असं लिहून चालत नाही. त्याला माझ्याशेजारी बसावंच लागतं. अशा आवाजांच्या संगीतात वादक अर्धा रचनाकार असतोच, त्याचं नाव खाली असो वा नसो.

जुना_मैफली

थोडं विरुद्ध बोलतो, राग नसावा.

पाच जणांनी मिळून ठरवलेली गोष्ट म्हणजे पाचही जणांना खपेल अशी गोष्ट. कलेत ते चालत नाही. एकाच्या डोक्यात काहीतरी हट्टाने बसलेलं असतं, ते बाहेर काढण्यासाठी तो बाकीच्यांना छळतो, तेव्हा काहीतरी घडतं. तिरपी_रेघ यांनी वर्णन केलेला 'उतार' हा नियमांच्या अभावाचा परिणाम नाही, हट्टाच्या अभावाचा आहे. एकाला लिहू द्या, चौघांनी वाजवा. पुढच्या वेळी दुसऱ्याला लिहू द्या. सगळ्यांचं समाधान होईल आणि रचनेला कणा असेल.

शेल्सीचं उदाहरण बघा. जाचिंतो शेल्सी हा इटालियन संगीतकार वाद्यावर मोकळं वाजवून टेपवर घ्यायचा आणि ते स्वरलिपीत उतरवायला दुसरे लोक असायचे. १९८८ साली तो गेला आणि पुढच्याच वर्षी त्या लोकांपैकी विएरी तोसात्ती यांनी जाहीर दावा केला की हे संगीत खरं तर आपलं. एवढा गदारोळ झाला, पण ऐकणाऱ्याला विचारा: एका स्वराच्या पोटात शिरून बसण्याचा तो ध्यास कुणाचा? शेल्सीचा. हात कितीही असोत, ध्यास एकाचाच.

खर्जातला

@जुना_मैफली, 'डबल म्युझिक'मध्ये तडजोड कुठे आहे? दोघेही आपापल्या हट्टाने लिहीत होते. कुणीही कुणासाठी वाकलं नाही. एकत्र रचणं म्हणजे मतांची सरासरी काढणं, हे गृहीतच मला मान्य नाही.

आणि शेल्सीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं असं मला वाटतं. चेलोवादक फ्रान्सिस-मारी उइत्ती आणि गायिका मिचिको हिरायामा यांनी त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्याच्या गाण्याच्या रचना हिरायामांच्या आवाजाशिवाय कल्पनेतही आणता येत नाहीत. ध्यास एकाचा असेल, पण शरीर दुसऱ्याचं होतं आणि त्या शरीराने ध्यासाला आकार दिला.

जुना_मैफली

शरीराचा मुद्दा मान्य. बाकी असहमत, पण तुमचा प्रतिसाद आवडला.

शून्य_मात्रा

आलो. मला नियमांच्या रचनांबद्दल लिहायचंय, कारण तिरपी_रेघ यांच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे असं मला मनापासून वाटतं.

टेरी रायलीची 'इन सी', १९६४. एका पानावर ५३ छोटे तुकडे. कितीही वादक, कुठलीही वाद्यं. प्रत्येकाने क्रमाने सगळे तुकडे वाजवायचे, पण एकेक तुकडा किती वेळा घोळवायचा हे त्याचं त्याने ठरवायचं. फक्त बाकीच्यांपेक्षा दोन-तीन तुकड्यांहून जास्त पुढे किंवा मागे जायचं नाही. वर पियानोवर एक उंच षड्ज सतत टकटकत राहतो. ही टकटक स्टीव्ह राइखने तालमीच्या वेळी सुचवली, तो पहिल्या प्रयोगात वाजवायला होता. बघा, रचना रायलीची, पण तिला ज्याने धरून ठेवलं तो खिळा एका वादकाने दिला.

मॉर्टन फेल्डमनची चार पियानोंची १९५७ची रचना याहून साधी. चौघांपुढे एकच पान. एकत्र सुरू करायचं आणि मग प्रत्येकाने आपल्या वेळेने पुढे जायचं. तेच स्वर चौघांकडून पुढेमागे येत राहतात. हे तुम्ही पाच वाद्यांवर उद्या करून बघू शकता. एक पान, मोजकेच स्वर, वेळ ज्याची त्याची.

आता मुख्य. कॉर्नेलियस कार्ड्यू याच्या 'द ग्रेट लर्निंग'चा सातवा परिच्छेद. माझ्या मते एकत्रित संगीतातली ही सर्वात सुंदर युक्ती आहे. बरेच गायक, त्यांत न शिकलेलेही चालतात. प्रत्येक ओळ ठरावीक वेळा गायची, दर वेळी एका श्वासाइतकी. पहिला स्वर कुठलाही. त्यापुढचा प्रत्येक स्वर मात्र आत्ता दुसरं कुणीतरी गात असलेलाच निवडायचा. नवा स्वर ऐकूच येत नसेल किंवा झेपणारा नसेल, तरच मनाचा. सुरुवातीला सगळा कल्लोळ असतो आणि हळूहळू, कुणीही हात हलवत नसताना, तो मोजक्या स्वरांवर गोळा होत जातो. कोणते स्वर उरतील हे आधी कुणालाच माहीत नसतं. मी यात गायलोय. आपण धरलेला स्वर कुणीतरी उचलतं आणि तो सभागृहाच्या दुसऱ्या टोकाकडून परत ऐकू येतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

तर तिरपी_रेघ, तुमच्याकडे स्वातंत्र्य भरपूर आहे, नियम शून्य. नियम एकच ठेवा, पण असा ठेवा की तो पाळताना दुसऱ्याचं ऐकणं भाग पडेल.

घुमट

शून्य_मात्रा, प्रतिसाद साठवून ठेवला. पॉलीन ऑलिव्हेरोसचा 'ट्यूनिंग मेडिटेशन'ही याच कुळातला: एकदा स्वतःच्या मनातला स्वर गा, मग दुसऱ्याच्या स्वरात मिसळ, मग कुणीच गात नसलेला स्वर गा. दुसऱ्यात मिसळणं आणि वेगळं होणं, दोन्हीचा सराव एकाच नियमात.

अवांतर: १९८८ साली ऑलिव्हेरोस, स्टुअर्ट डेम्पस्टर आणि पनायोटिस हे वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वॉर्डनच्या जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरले. अकॉर्डियन, ट्रॉम्बोन, आवाज. तिथे एक स्वर सोडला की सुमारे ४५ सेकंद रेंगाळतो. म्हणजे तुम्ही आत्ता वाजवलेलं तुम्हालाच पाऊण मिनिट साथ करतं. घाई केली की सगळा चिखल. तिघांनाही टाकीच्या म्हणण्याप्रमाणे वाजवावं लागलं. माझ्या दृष्टीने रचनाकारांत त्या टाकीचंही नाव हवं.

मौनराग

शेवटच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते. नावाचं आधी ठरवा. लिहून ठेवा.

१९६०च्या दशकात ला मॉन्ट यंग, मॅरियन झझीला, टोनी कॉनराड, जॉन केल वगैरे मंडळी तासन्‌तास लांब स्वर धरून वाजवायची. (त्यात ध्वनिवर्धक होते, तेव्हा धाग्याच्या अटीत ते पूर्ण बसत नाही.) यंग यांचं म्हणणं, रचना माझी. कॉनराड आणि केल यांचं म्हणणं, आम्ही सगळ्यांनी मिळून घडवली. टेप यंग यांच्या ताब्यात. १९९० साली यंग यांच्या कार्यक्रमाबाहेर कॉनराड फलक घेऊन उभे राहिले. १९६५चं एक ध्वनिमुद्रण २००० साली यंग यांच्या संमतीशिवाय बाजारात आलं, तेव्हा वाद पुन्हा पेटला. पस्तीस वर्षं! आणि संगीत कसलं, तर एकमेकांच्या स्वरात तंतोतंत मिसळण्याचं.

दोन गोष्टी वेगळ्या लिहा: रचनेवर नावं कोणाची आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रती कुणाकडे. प्रत पाचही जणांकडे हवी. गट मोडला तरी प्रत्येकाला आपण काय केलं ते ऐकता आलं पाहिजे.

तिरपी_रेघ

मौनराग, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. प्रतींचं आजच सगळ्यांना कळवते. शून्य_मात्रा, खर्जातला, घुमट, तुमचे प्रतिसाद गटात वाचून दाखवले. चेलोवालीला सातवा परिच्छेद इतका आवडला की तो वाद्यांवर कसा बसवायचा याचंच काम तिने सुरू केलंय. सुषिर वाद्यात 'एका श्वासाइतका' सरळ आहे, गजाच्या वाद्यात एका गजाइतका. पण थाळीचं काय?

विषम_ताल

थाळी एकदा मारली की पूर्ण विझेपर्यंत. तोच तिचा श्वास. आणि मोठ्या थाळीचा तो चेलोच्या गजापेक्षा खूप लांब असतो, त्यामुळे तालवादक आपोआप सगळ्यात कमी बोलणारा होईल. आम्हा लोकांना ते फार गरजेचं असतं. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

थाळीवर गजही फिरवता येतो. कडेवर गज ओढला की एकेक उपस्वर वेगळा सुटतो. मग ती लांब स्वर धरणाऱ्यांच्या पंगतीत बसते.

जवारी

हार्मोनियमबद्दल कुणीच बोलत नाहीये, आणि तुमच्या गटातलं ते सगळ्यात अवघड वाद्य आहे. त्याचे स्वर ठरलेले. व्हायोलिन-चेलो कानाने जुळवणार. शुद्ध गंधार कानाला जिथे शांत लागतो, त्यापेक्षा हार्मोनियमच्या समान विभागणीतला (सप्तकाचे बारा सारखे भाग) गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो; सेंट म्हणजे त्या एका भागाचा शंभरावा हिस्सा. दोघांनी एकाच वेळी 'ग' धरला की तो थरथरणार.

बहुतेक गट ही थरथर लपवायला बघतात. मी म्हणेन, तिच्यावरच रचना करा. हिशेब सोपा आहे: एक स्वर ४४० हर्ट्‌झ, दुसरा ४४२, तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. ४४१ केला तर एक. म्हणजे व्हायोलिनवाला बोट केसभर सरकवून लय बदलू शकतो! तालवाद्य न वाजवता लय. हार्मोनियम स्थिर, बाकीचे त्याच्याभोवती हळूहळू सरकणारे. कॅथरीन लॅम्ब ही रचनाकार याच प्रकारच्या बारीक अंतरांवर काम करते. तिने हिंदुस्थानी संगीताचा ध्यास घेतला होता आणि धृपदाची तालीम घेतलेल्या मणि कौल यांच्याकडे ती शिकली. तानपुऱ्यासमोर बसून ज्याने स्वर लावलाय त्याला तिचं संगीत परकं वाटणार नाही.

एक सूचना. खोली तापली की फुंकायची वाद्यं चढतात, अंशाला सुमारे ३ सेंट. तंतुवाद्यं आणि धातूची वाद्यं उलट उतरतात. अशी रचना वाजवायची तर क्लॅरिनेट आधी पुरेसं गरम करून घ्या, नाहीतर ठोके तुमच्या मनाविरुद्ध सरकतील.

जुना_मैफली

जवारी, हा प्रतिसाद वाचून मी माझं हार्मोनियम काढून बसलो. मुलाला शेजारी बसवलं, व्हायोलिनवर ग धरायला लावला. ठोके अगदी स्पष्ट ऐकू येतात. माझं मत तेच आहे की कणा एकाचा हवा. पण इथे कणा हार्मोनियमचा आहे हे मला मंजूर आहे!

मौनराग

एकट्याच्या ध्यासाचा आणि दुसऱ्याच्या शरीराचा वाद वर झाला, त्यात एलियान रादिग या फ्रेंच रचनाकार बाईंचं नाव यायला हवं. अनेक दशकं त्यांनी एकटीने सिंथेसायझरवर काम केलं. मग पूर्णपणे वाद्यवादकांकडे वळल्या. २०११पासूनच्या 'ऑकम' मालिकेत स्वरलिपी नाही. वादक त्यांच्याकडे जातो, दोघं मिळून पाण्याची एखादी प्रतिमा निवडतात, मग बोलून आणि वाजवून रचना घडते. पहिली हार्पवादक ऱ्होद्री डेव्हिस यांच्याबरोबर, हार्पवर दोन गज फिरवून. ती रचना त्या वादकाचीच राहते. आणि नंतर हे एकल वादक एकत्र येऊन द्वयं, त्रयं करतात.

गुरूसमोर बसून शिकणाऱ्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की इथे शिकवणारीलाही आधी रचना माहीत नसते.

पत्ती_बदला

सुंदर. तिरपी_रेघ, मूळ प्रश्नाचं काय झालं? उतार संपला का?

तिरपी_रेघ

सांगते. खर्जातला यांची मापं आणि शून्य_मात्रा यांचा एकच नियम, दोन्ही एकत्र केलं.

एकूण बारा मिनिटं. दोन-दोन मिनिटांचे सहा भाग, समोर घड्याळ. प्रत्येकाने घरी, एकट्याने, आपण कोणत्या दोन भागांत गप्प बसणार ते ठरवायचं आणि कुणालाही सांगायचं नाही. उरलेल्या चार भागांत नवा स्वर फक्त कुणाकडून तरी ऐकलेलाच घ्यायचा. इतकंच.

तिसऱ्या भागात चौघेही एकदम थांबले आणि हार्मोनियम एकटं उरलं. ऐकायला दुसरं कुणीच नाही, म्हणजे नियमाने त्याला नवा स्वर घेता येईना. तो दोन मिनिटं एकच पट्टी दाबून भाता हलवत राहिला. आम्ही कधीच असं लिहिलं नसतं. एकमताने तर नाहीच, आणि जुना_मैफली, एकट्यानेही नाही. मग चौथ्या भागात सगळे एकदम आत आले, तेही अनपेक्षित. जोर शेवटाकडे न जाता मध्येच येऊन गेला. रेकॉर्डिंग ऐकताना पहिल्यांदाच पुढे काय होणार ते मला माहीत नव्हतं, आणि मी तिथे वाजवत होते!

नावं पाचही, आडनावांच्या क्रमाने. ठरलं.

एकच अडतंय. गप्प बसलेल्याने परत आत येताना स्वराला टोक दिसता कामा नये असं आम्हाला हवंय. व्हायोलिन-चेलोला ते जमतं. क्लॅरिनेटवाला म्हणतो की मधल्या सप्तकात त्याला ते दर वेळी साधत नाही. त्याने काय करावं?

पत्ती_बदला

खालच्या सप्तकात यायला सांगा. क्लॅरिनेटचा खालचा पट्टा हा शून्यातून स्वर उगवण्यासाठी सगळ्यात भरवशाचा. जीभ लावायचीच नाही. आधी नुसती हवा चालू करायची आणि ओठ हळूहळू आवळत जायचं, स्वर कधी सुरू झाला ते कळत नाही. रीड थोडी मऊ घेतली तर आणखी सोपं. आणि ऐकलेला स्वर वरच्या सप्तकात असेल तर तो खालच्या सप्तकात घेता येतो का, हे तुमच्या नियमात आजच स्पष्ट करून टाका. ऐन वाजवताना त्याला तो विचार करायला लागला की स्वराला टोक येणारच.

तिरपी_रेघ

घेता येईल असं ठरवतोय. सप्तक मोकळं, स्वर ऐकलेलाच. चेलोवालीचं म्हणणं, मग हार्मोनियमला दोन सप्तकांत एकदम घेऊ देऊ नका, तो आधीच भारी पडतो. तेही लिहून टाकलं.